तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार

वाचक लिहिते:

ताई, मी २७ वर्षांची मटेरियल्स इंजिनिअर. मास्टर्सनंतर दोन वर्षं एका कंपनीच्या संशोधन विभागात काम करते. थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले धातूचे भाग वारंवार ताण पडून कधी तुटतात, म्हणजे फटिग, हा माझा विषय. परदेशातल्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेच्या प्राध्यापकांना मी मेल केला होता आणि खरंच उत्तर आलं! सहा महिने ‘व्हिजिटिंग रिसर्चर’ म्हणून या, टेबल मिळेल, यंत्रं वापरता येतील, मात्र मानधन देता येणार नाही. साहेब म्हणतात विनावेतन रजेचं बघू, पण परत आल्यावर हीच जागा असेल असं सांगता येत नाही. घरचे म्हणतात जायचंच तर सरळ पीएचडीला जा. मला मात्र एकच भीती वाटते, की तिथे मी दुसऱ्यांचे नमुने घासत बसेन आणि हात हलवत परत येईन. जाऊ का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

– द्विधेत सापडलेली अभियंता

मैत्रिणी,

जा. पण आत्ता हातात आलेलं निमंत्रण आहे तसं घेऊन जाऊ नकोस.

तू पत्रात त्या प्रयोगशाळेचं नाव लिहिलं होतंस, ते मी इथे काढलं आहे. प्राध्यापकांचे किती शोधनिबंध आहेत, तेही लिहिलं होतंस. तुला रोज काम कोण दाखवणार, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. मी तुझं पत्र दोनदा वाचलं, मला वाटलं माझ्याच नजरेतून सुटलं असेल. ते तुलाच माहीत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

मोठ्या गटाचा प्राध्यापक वर्षातले कितीतरी दिवस प्रवासात, बैठकांत आणि निधीचे अर्ज लिहिण्यात असतो. तो चांगला माणूस असला तरी तुला आठवड्यातून अर्धा तास मिळाला तर खूप. तुझे सहा महिने सार्थकी लागतील की वाया जातील, हे तुझ्या शेजारी बसणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यावर, पोस्टडॉकवर (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यावर) किंवा यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञावर ठरतं. म्हणून मी परदेशी निघालेल्या प्रत्येक तरुण इंजिनिअरला एकच प्रश्न विचारते: तिथे पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तू काय करत असशील? कोणत्या यंत्रासमोर, कोणाबरोबर, कोणता नमुना हातात घेऊन? या प्रश्नाचं उत्तर तुला देता आलं पाहिजे, आणि त्याआधी तुला बोलावणाऱ्यांना. त्यांना देता येत नसेल, तर त्यांनी तुला बोलावलंय ते सौजन्यापोटी, कामासाठी नव्हे.

आता तुझ्याच विषयाचा हिशेब करू, कारण सहा महिने ऐकायला मोठे वाटतात. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. ओळखपत्र, सुरक्षा प्रशिक्षण, प्रत्येक यंत्राचं वेगळं प्रशिक्षण आणि ते देणाऱ्या माणसाची रजा, यात पहिले तीन-चार आठवडे जातात. शेवटचे तीन लिखाणात, आकडे लावण्यात, आवराआवरीत जातात. उरले एकोणीस-वीस. एखादा नमुना एक कोटी आवर्तनं, म्हणजे एक कोटी वेळा ताण देणं आणि सोडणं, टिकतो का, हे साध्या यंत्रावर सेकंदाला २० आवर्तनांच्या वेगाने तपासायचं, तर पाच लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेसहा दिवस. हे एका नमुन्याचं. असे पंधरा नमुने न तुटता शेवटपर्यंत टिकले, तर एकच यंत्र रात्रंदिवस चालवूनही ८७ दिवस जातील. काही मधेच तुटतील, काही वेळ वाचेल. पण ते यंत्र एकट्या तुझ्यासाठी मोकळं ठेवलेलं नसतं, हेही धर. त्यांच्याकडे अल्ट्रासॉनिक फटिगचं यंत्र असेल तर ते सेकंदाला २०,००० आवर्तनं देतं आणि तीच चाचणी साडेआठ मिनिटांच्या आत संपते. पण मग नमुना तापतो, मधेमधे थांबून थंड करावा लागतो, नमुन्याचा आकारही वेगळा लागतो, आणि ते आकडे तुझ्या कंपनीतल्या २० आवर्तनांच्या आकड्यांशेजारी तसेच्या तसे मांडता येत नाहीत. यातलं तुला बरंच ठाऊक असेल. पण त्यांच्याकडे कोणतं यंत्र आहे, किती आहेत आणि पुढच्या सहा महिन्यांत ती कोणाच्या नावावर लागली आहेत, हे तू विचारलंस का?

मी विचारलं नव्हतं. तुझ्यापेक्षा वर्षाने लहान असताना मी अशीच चार महिन्यांसाठी एका परदेशी प्रयोगशाळेत गेले होते. बॅगेत बारा नमुने होते, आमच्याकडच्या यंत्राच्या मापाने दोन्ही टोकांना आटे पाडलेले. तिथल्या यंत्राच्या ग्रिप, म्हणजे नमुना पकडणारे जबडे, हायड्रॉलिक होत्या, त्यांना गुळगुळीत गोल टोकं लागायची. आधी कोणी ड्रॉइंग मागितलं नव्हतं आणि मीही पाठवलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये पाच आठवड्यांची रांग होती. चार महिन्यांतले ते पाच आठवडे मी वाचनालयात काढले. एक मेल आणि एक ड्रॉइंग, इतकंच लागलं असतं.

पण त्याच प्रयोगशाळेत मला जे मिळालं ते मी आजही रोज वापरते, आणि ते नेमकं तुला ज्याची भीती वाटते त्या नमुने घासण्यातूनच मिळालं. म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

त्या रिकाम्या आठवड्यांत मी नमुने तयार करण्याच्या खोलीत जाऊन बसायला लागले. तिथे निवृत्तीला आलेले एक तंत्रज्ञ होते. मी मास्टर्समध्ये शेकड्याने नमुने पॉलिश केले होते, त्यामुळे मला वाटायचं यात काय शिकायचं आहे. त्यांनी माझा ॲल्युमिनियमचा एक तुकडा घेतला आणि २४० नंबरच्या घासकागदापासून सुरुवात केली (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). मग ४००, ६००, ८००, १२००. दर कागदाला तुकडा ९० अंशांनी फिरवायचा आणि मागच्या कागदाचे ओरखडे पूर्ण पुसले गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. हे मला येत होतं. पण प्रत्येक कागदानंतर तुकडा धुवून, पुसून ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि मला विचारायचे, भोकं दिसतात का? मला दिसायची नाहीत. शेवटच्या, हिऱ्याच्या बारीक भुकटीने घासायच्या टप्प्यावर, आधी ३ मायक्रॉन, मग १ मायक्रॉन, त्यांनी दाब अगदी कमी केला आणि वेळ खूप वाढवला. मग भोकं दिसायला लागली. एकेक करून, काळ्या ठिपक्यांसारखी. मऊ धातू दाबून घासला की तो लोण्यासारखा पसरतो आणि बारीक छिद्रांची तोंडं बुजवून टाकतो. आपल्याला चकचकीत पृष्ठभाग दिसतो, आपण लिहितो ‘सच्छिद्रता नगण्य’, आणि तडा मात्र त्याच बुजलेल्या छिद्रापासून निघतो.

मी त्या रात्री माझ्या जुन्या अहवालांचे फोटो उघडून बसले. त्यातले सच्छिद्रतेचे बरेच आकडे खऱ्यापेक्षा कमी होते. कोणी फसवलं नव्हतं, सगळ्यांनी तसंच शिकलेलं होतं. आपण ज्या पद्धतीत वाढतो तिच्यातली खोट आपल्याला तिथेच राहून दिसत नाही. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या हातांकडे बघताना ती दिसते. तुझे नमुने पावडरपासून बनलेले आहेत, छिद्रं हेच तुझ्या विषयाचं मूळ आहे. तेव्हा तिथे नमुने घासायला मिळाले तर नाक मुरडू नकोस. नकार द्यायचा तो दुसऱ्याचे नमुने दुसऱ्यासाठी सहा महिने घासायला.

‘परत आल्यावर दाखवायला काय असेल’ असंही तुझ्या मनात आहे. इथे मला हिदेत्सुगु यागींची आठवण येते. घरांच्या गच्चीवर आडव्या दांड्यांचा टीव्हीचा अँटेना असायचा, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हे जपानी विद्युत अभियंते. १९१३ साली ते जर्मनीत ड्रेस्डेनला बार्कहाउझेन यांच्याकडे शिकायला गेले. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ते स्वित्झर्लंडमध्ये होते आणि ड्रेस्डेनला परतण्याची वाट बंद झाली. मग लंडनला फ्लेमिंग यांच्याकडे, तिथून अमेरिकेत हार्वर्डला पिअर्स यांच्याकडे, असं करत १९१६ मध्ये ते मायदेशी आले. अँटेना यातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत तयार झाला नाही. तो जपानमध्ये सेंदाईला, सहकारी शिंतारो उदा यांच्या बरोबरीने, १९२६ मध्ये जगासमोर आला. तीन देशांतून यागींनी आणलं होतं ते सलग विद्युतलहरी निर्माण करण्याचं ज्ञान आणि कोणता प्रश्न धरून बसायचा याची जाण. तेव्हा सहा महिन्यांत शोधनिबंध छापून आला नाही तर गेलं ते वाया, असं मानू नकोस. मात्र लेखकांच्या यादीत नाव कशाच्या आधारावर येणार, हे जाण्याआधी विचारायला लाजूही नकोस. अनेक नियतकालिकं आता ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात: कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, विश्लेषण कोणाचं, मसुदा कोणी लिहिला. ती यादी समोर ठेवून बोललं की विषय व्यक्तीवर जात नाही, कामापुरता राहतो.

आता पैसे. सहा महिने एक रुपयाही न घेता जाऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत आहे. कष्टाची तुला तयारी आहे, हे मला दिसतंय. पण जिथे तुझ्यावर काहीच खर्च होत नाही, तिथे तुझ्या वेळेची किंमतही क्वचितच धरली जाते. शिवाय बहुतेक देश व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आहेत याचा पुरावा मागतात, आणि काही प्रयोगशाळा तर उलट पाहुण्याकडूनच यंत्रवापराचं शुल्क घेतात. तुझ्या पत्रातल्या ‘यंत्रं वापरता येतील’ या शब्दांत ते दडलेलं नाही ना, बघ. पगार नाही तर निदान विद्यापीठाच्या अतिथिगृहातली खोली, आरोग्य विमा आणि चाचण्यांचा खर्च मागता येतो. मागितल्याने कोणी निमंत्रण परत घेत नाही. घेतलंच, तर बरं झालं म्हण.

तुझी अडचण अशी, की तू दोन दारांच्या मधोमध उभी आहेस आणि हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. कॅनडातला मायटॅक्स ग्लोबलिंकचा १२ आठवड्यांचा उपक्रम किंवा सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम, हे शिकत असलेल्यांसाठी आहेत; तुझं शिक्षण संपलं. जर्मनीची हुम्बोल्ट रिसर्च फेलोशिप किंवा युरोपीय संघाची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप यांना पीएचडी लागते. ती तुझी व्हायची आहे. मधल्या माणसासाठी वाटा कमी आहेत, पण आहेत. मारी क्युरी योजनांतच ‘स्टाफ एक्स्चेंज’ म्हणून एक प्रकार आहे. त्यात कंपन्या आणि विद्यापीठं मिळून आपली माणसं एक ते बारा महिन्यांसाठी एकमेकांकडे पाठवतात आणि माणूस परत आपल्या जागेवर येतो. तुझ्या कंपनीचा युरोपातल्या कोणाशी असा करार आहे का, किंवा होऊ शकतो का, हे साहेबांना विचार. दुसरी वाट ‘डॉक्टोरल नेटवर्क’ची: त्यात पीएचडी करणाऱ्याला रीतसर नोकरीचा करार आणि पगार मिळतो, आणि प्रशिक्षणाचा काही काळ दुसऱ्या संस्थेत, पुष्कळदा उद्योगात काढायचा असतो. दोन वर्षं कंपनीत घालवलेल्या मुलीला तिथे कमीपणा नाही, उलट वजन आहे. या जागा युरॅक्सेस या युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर लागतात, बघायला पैसे पडत नाहीत.

यात एक खाचखळगा आहे. डॉक्टोरल नेटवर्कचा नियम असा, की नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तू त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेली किंवा काम केलेली असता कामा नये. तुझे सहा महिने त्यात बसतात. पण तिथे गेल्यावर ‘अजून सात-आठ महिने थांब’ असा आग्रह झाला आणि तू थांबलीस, तर त्याच देशातल्या पगारी पीएचडीचं दार काही काळ आपल्याच हाताने लावून घेशील. अमेरिकेच्या जे-१ व्हिसातही, जो पाहुण्या संशोधकांना मिळतो, असंच आहे. ‘शॉर्ट टर्म स्कॉलर’ या वर्गात सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. ‘रिसर्च स्कॉलर’ वर्गात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो कार्यक्रम एकदा संपवलास की त्याच वर्गात परत यायला २४ महिने थांबावं लागतं. सहा महिन्यांच्या भेटीसाठी तिथल्या कार्यालयाने कोणता वर्ग लिहिलाय, हे कागद हातात आल्या दिवशीच बघ. ब्रिटनला जायचं असेल तर अनेक देशांच्या नागरिकांना, इंजिनिअरिंगच्या बऱ्याच विषयांसाठी, व्हिसाच्या अर्जाआधी ‘एटास’ नावाचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. विमान, क्षेपणास्त्रं, संरक्षण यांच्या आसपासच्या मिश्रधातूंवर काम असेल, तर काही प्रकल्पांत परदेशी नागरिकाला प्रवेशच नसतो. तिथे पोचल्यावर ‘ही खोली तुझ्यासाठी नाही’ असं ऐकण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

कंपनीचं सांगते. साहेबांच्या ‘बघू’वर निघू नकोस. रजा कधीपासून कधीपर्यंत आणि रुजू व्हायची तारीख कोणती, हे लेखी घे. जागा हीच मिळेल असं ते लिहून देणार नसतील, तर ‘याच श्रेणीत’ एवढं तरी. आणि तुझा नोकरीचा करार काढून वाच. संशोधनातल्या माणसाच्या करारात बहुधा असतंच, की नोकरीच्या काळातला शोध कंपनीचा. रजेवर असलीस तरी तू नोकरीतच असतेस. तिकडच्या विद्यापीठाचा पाहुण्यांसाठीचा करारही म्हणतो, की इथे झालेला शोध आमचा. दोन्हींवर तुझीच सही असेल आणि भांडण झालं तर मधे तूच सापडशील. कंपनीचे नमुने नेणार असशील तर ते कोणाचे, निकाल कोणाचे, छापण्याआधी कोण वाचणार, हे दोन्ही संस्थांनी आपसात लिहून घेऊ दे. ते काम तुझं नाही. आणि पावडर बॅगेत घालून नेऊ नकोस गं! ॲल्युमिनियम-टायटॅनियमची बारीक पावडर पेट घेते. प्रिंट करून, मापात कातून घेतलेले नमुने पाठव.

घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पीएचडीची ओढ असेल तर पगारी पीएचडी या भेटीपेक्षा चांगलीच. पण तीन-चार वर्षं ज्या कामाला द्यायची, ते काम, ते गाव आणि ती माणसं आपल्याला मानवतात का, हे चार महिने राहून पाहण्यात काय वाईट आहे? हो, चार. सहा महिने विनावेतन आणि मोघम, यापेक्षा चार महिने, थोड्या मदतीसह आणि एकाच नेमक्या प्रश्नावर, हे मला केव्हाही पसंत. नमुने आधीच तयार असतील तर तुझ्या विषयातला एक प्रश्न चार महिन्यांत बसतो. उदाहरणार्थ, एकाच पद्धतीने छापलेले नमुने, अर्धे पृष्ठभाग कातून घेतलेले आणि अर्धे छापले तसेच. तडा आतल्या छिद्रापासून निघतो की वरच्या खरबरीत थरापासून? तुटलेले तोंड सूक्ष्मदर्शकाखाली बघून याचं उत्तर देता येतं, आणि ते तुझ्या कंपनीलाही हवं असेल. साहेबांशी बोलताना याच प्रश्नापासून सुरुवात कर. ‘मला परदेशी जायचंय’ म्हणणाऱ्या मुलीला रजा मिळते; ‘हा प्रश्न मी चार महिन्यांत सोडवून आणते, मला नमुने आणि रुजू होण्याची तारीख द्या’ म्हणणाऱ्या मुलीला कधीकधी पगारही मिळतो.

तिथे गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फार एकटं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. दुपारच्या जेवणाला त्यांच्याबरोबर जा, गटाच्या बैठकीत पहिल्याच आठवड्यात एक तरी प्रश्न विचार, आणि रोजची नोंदवही त्याच दिवशी लिही. कच्चा डेटा बरोबर नेता येईल का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव, शेवटच्या दिवशी नको.

आता प्राध्यापकांना काय लिहायचं ते सांगते, तुझ्या शब्दांत बसवून घे. आभार मान. मग तो एक प्रश्न चार ओळींत मांड. मग विचार: रोज माझ्याबरोबर कोण काम करेल आणि त्यांच्याशी मी आधी बोलू शकते का, फटिगची कोणती यंत्रं आहेत आणि त्यांवर मला किती आठवडे मिळतील, राहण्याची किंवा विम्याची काही सोय करता येईल का. मेल एका पानाच्या आत ठेव. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. त्यांनी एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याशी गाठ घालून दिली, तर त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोल आणि त्याला सरळ विचार, की याआधी आलेल्या पाहुण्यांनी काय केलं आणि ते आता कुठे आहेत.

आणि मेलला तुझ्या नमुन्याचं ड्रॉइंग जोड, टोकांच्या मापांसकट. विद्यार्थी काय म्हणाला ते मला कळव.

– तुझी ताई